आठ आठवडे

सर,

तुम्ही गुरुवारी गेलात. माझं सांगली-सातारा एसटीचं आरक्षण रविवारचं होतं. ते मी रद्द केलं नाही. त्याच गाडीनं, त्याच खिडकीशी बसून आले. तुमच्याशी भांडायला निघालेली मी, तुमच्या घरी काकूंच्या शेजारी सतरंजीवर जाऊन बसले. उशिरा येणाऱ्या ज्युनिअरला तुम्ही दारातच उभं करायचात. मी वेळेवर पोचले होते, सर. तुम्हीच थांबला नाहीत.

मंगळवारी तुमचा फोन आला होता, जवळजवळ तीन वर्षांनी. स्क्रीनवर नाव बघून मी आधी उठून उभीच राहिले, ही तुम्ही लावलेली सवय. तुम्ही नमस्कार-चमत्कार काही केला नाहीत. "कमल, त्या आठ आठवड्यांवर मी पुन्हा विचार करतोय. मी थोडा चुकलो असेन. ये एकदा, नीट भांडू." मी म्हटलं, रविवारी येते. तुम्ही म्हणालात, "ये. पण वाचून ये." एवढंच. तुमचं नेमकं काय चुकलं असं तुम्हाला वाटत होतं, हे आता मला कधीच कळणार नाही. आणि त्या आठ आठवड्यांबद्दल मला जे कबूल करायचं होतं, ते तुम्हाला ऐकवायचं राहून गेलं. तीन वर्षं मी ते गिळून बसले होते.

हे लिहिणं बार असोसिएशनच्या स्मरणिकेसाठी आहे. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही त्यांच्याकडं नऊ वर्षं होता, दोन पानं द्या. जन्म, शिक्षण, गाजलेले खटले." ते दुसरं कुणीतरी देईल. मी माझी पानं माझ्या पद्धतीनं भरणार आहे. तुम्ही असतात तर लाल पेनानं निम्मी खोडली असतीत.

पहिल्या दिवशी मी तुमच्या ऑफिसात आले तेव्हा टेबलासमोर तीन खुर्च्या होत्या. दोन लोखंडी, एक वेताची. आटपाडीकडच्या मेंढपाळाची मुलगी, सांगलीला वसतिगृहात राहून वकील झालेली, नव्या चपलांनी पाय सोललेले. मला वेताची खुर्ची बरी वाटली म्हणून बसले. तुम्ही फाइलीतून मान वर न करता म्हणालात, "तिथं नको. ती सरकारची खुर्ची आहे." मला वाटलं कुणी साहेब येणार असतील. आठवडाभर वाट बघितली, कुणी आलं नाही. मग तुमच्या कारकुनानं हसत सांगितलं, की या खुर्चीत कुणीच बसत नाही, साहेबांनी ती ज्युनिअरना शिकवायला ठेवलीय.

पुस्तकात ज्याला न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणतात, ते तुम्ही मला त्या रिकाम्या खुर्चीवर शिकवलंत. सरकारनं काही ठरवलं, की कोर्टानं खुर्चीसमोर उभं राहायचं आणि विचारायचं: तुला हा अधिकार होता का? ज्यांचं नुकसान होणार त्यांना विचारलंस का? कायद्यानं सांगितलेल्या पायऱ्या चढलास का? मनात दुसराच काही हेतू होता का? एवढं विचारायचं आणि उत्तर पटलं नाही तर निर्णय रद्द करून परत पाठवायचा. "पण खुर्चीत जाऊन बसायचं नाही," तुम्ही टेबलावर बोट आपटून सांगायचात. "रस्ता इथनं न्यावा की तिथनं, हे कोर्टाचं काम नाही. एकदा का कोर्ट त्या खुर्चीत बसलं, की मग त्याला प्रश्न विचारायला कोण उभं राहणार?" मी मान डोलवायची. मला ते तेव्हा खरोखर पटायचं.

तुम्हाला हा धडा कुठल्या पुस्तकानं शिकवला नव्हता. तो तुम्ही मला एकदाच सांगितलात, मेढ्याहून परत येताना, घाटात गाडी गरम झाली म्हणून थांबलो होतो तेव्हा. तरुणपणी तुम्ही तिकडच्या एका गावातल्या पाझर तलावाला स्टे मिळवला होता. तुमच्या पक्षकाराची जमीन बुडणार होती आणि जागा चुकीची निवडलीय हे तुम्ही न्यायाधीशांना नकाशे दाखवून पटवलंत. स्टे अकरा वर्षं टिकला. मग सगळं आपोआप निवळलं, कारण ज्या खालच्या वस्तीला त्या तलावाचं पाणी मिळणार होतं, तिथली निम्मी माणसं तोवर मुंबईला निघून गेली होती. तिथं उरलेल्यांतली एक म्हातारी तुम्हाला बसस्टँडवर भेटली आणि म्हणाली, "वकीलसाहेब, जागा चुकली म्हणून तुमी सांगितलं. मग बरुबर जागा कोण सांगणार हुतं?" तुम्ही बॉनेट उघडून पाणी ओतत होता. म्हणालात, "तिला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. कोर्टाकडंही नव्हतं. आम्ही नुसतं अडवून ठेवलं होतं." त्यानंतर तुम्हाला लांबलेल्या स्टेची भीतीच बसली.

मग आमच्या गावच्या गायरानाचं प्रकरण आलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या गावाबाहेर माळावर सरकारी गायरान होतं. मेंढपाळांची साठ घरं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बिऱ्हाडासकट पश्चिमेला निघायचं, साताऱ्यावरून मेढ्याकडं, तिथून काही जण खाली कोकणात. भातकापणी झालेल्या शेतात मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत, आपल्याला धान्य. मृग लागला की परत. तिकडच्या पावसात मेंढरू टिकत नाही, आणि आमच्याकडं चार महिने त्या गायरानाशिवाय त्याला उभं राहायला जागा नाही. ते गायरान सौर प्रकल्पाला द्यायचं ठरलं. ग्रामसभेत विषय आलाच नव्हता. पंचायतीच्या मासिक सभेत सात जणांनी ठराव केला आणि त्यावर वरच्या कचेरीचा शिक्का बसला.

आबा, म्हणजे माझे वडील, तुमच्याकडं आले तेव्हा लोखंडी खुर्चीवरसुद्धा बसेनात. उभ्यानंच म्हणाले, "साहेब, ईज नगं असं आमी म्हणत न्हाई. पर आमाला इचारायचं तर हुतं." तुम्ही माझ्याकडं बघून हसलात. तुमची अख्खी शिकवण माझ्या अंगठेबहाद्दर बापानं एका वाक्यात सांगितली होती. तुम्ही रिट घेतली, फी घेतली नाहीत, आणि मुंबईच्या हायकोर्टात स्वतः उभे राहिलात.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. आबा आणि गावचे चौघे मागच्या बाकावर पागोटी मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही वीस मिनिटं बोललात. गायरान चांगलं की सौर पाट्या चांगल्या, याबद्दल अवाक्षर नाही. फक्त विचारलं नाही, एवढंच. न्यायाधीशांनी तिथल्या तिथं निकाल सांगितला: ठराव रद्द, रीतसर ग्रामसभा घ्या, सगळ्यांना ऐका, मग नव्यानं ठरवा. सरकारी वकील सहा महिन्यांची मुदत मागायला लागले. तुम्ही ताडकन उठलात आणि म्हणालात, इतका वेळ नको, आठ आठवडे पुरे. तुमच्या डोक्यात तो पाझर तलाव होता, हे त्या कोर्टात फक्त मला माहीत होतं.

बाहेर आल्यावर आबांनी विचारलं, "जिकलो व्हय?" तुम्ही म्हणालात, "जिंकलो." आबा तुमच्या पायाशी वाकायला लागले, तुम्ही त्यांना खांद्याला धरून उभं केलंत आणि दोघंही जरा अवघडून हसलात.

त्यानंतरचा एक दिवस मला सगळ्यात जास्त छळतो. डिसेंबरची ती सकाळ. मेंढरं मेढ्याच्या खोऱ्यात एका शेतात बसली होती. आबा किटलीभर मेंढीचं दूध घेऊन पहिल्या एसटीनं साताऱ्याला आले. जिंकल्याचं काहीतरी द्यायलाच पाहिजे म्हणून. तुम्ही स्वतः ऑफिसातल्या शेगडीवर चहा टाकलात. दूध इतकं दाट, की चहा पिवळाधमक झाला. पहिल्या घोटाला तुमचं तोंड कसंनुसं झालं. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, तुमास्नी न्हाई सोसायचं." तुम्ही हट्टानं दुसरा कप घेतलात. मग आबांनी तुम्हाला मेंढरू लंगडायला लागलं तर काय करायचं ते सांगितलं आणि तुम्ही वहीत लिहून घेतलंत. तुमच्या घरी मांजरसुद्धा नव्हतं. मी हसून हसून दमले. त्या ऑफिसात इतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

त्याच दिवशी, आपण तो चहा पीत होतो तेव्हाच, सकाळी अकरा वाजता गावात ग्रामसभा चालली होती.

आत्याचा फोन दोन दिवसांनी आला. हौसाआत्या गुडघ्यांमुळं मेंढरांमागं जात नाही, ती घरीच असते. "कमळे, सभा झाली गं. समद्यांनी हात वर केलं. म्या एकलीच न्हाई म्हनलं. त्यांनी लिवून बी घेतलं." मी सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागवली. तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि चष्मा काढून ठेवलात. सात दिवस आधी फलकावर नोटीस. दवंडी. पंचायतीच्या मोबाइल ग्रुपवर संदेश, जो मेढ्याच्या खोऱ्यात रेंज नसल्यानं आबांच्या पिशवीतल्या फोनपर्यंत वेळेत पोचला नाही. गणपूर्ती. फोटो. ठरावाच्या बाजूनं दोनशे चौदा, विरोधात एक, विरोधाची नोंद घेण्यात आली. कोर्टानं घातलेली मुदत संपायला नऊ दिवस बाकी. "इतकं बिनचूक इतिवृत्त मी अख्ख्या वकिलीत पाहिलं नाही," तुम्ही म्हणालात.

जानेवारीत आपण भांडलो. मी ऑफिसात शिरले आणि मुद्दाम वेताच्या खुर्चीत बसले. तुम्ही बघितलंत आणि हातातली फाइल मिटलीत.

"आता कोर्टाला सरळ सांगू," मी म्हटलं. "हा निर्णयच वाईट आहे. साठ घरांची मेंढरं पावसाळ्यात कुठं उभी करायची, हे कोर्टानं बघावं."

"आणि ठरवावं?"

"ठरवावं."

"आज मेंढरांची कणव असलेला न्यायाधीश मिळेल. पुढच्या महिन्यात दुसरा येईल, त्याला विजेची कणव असेल. तू त्याला निवडलेलं नाहीस, घालवू शकत नाहीस. सरपंचाला पाच वर्षांनी घरी तरी बसवता येतं."

"आम्ही साठ घरं, सर. आम्ही कुणाला घरी बसवणार?"

 तुम्ही इतिवृत्त पुन्हा उघडलंत. मी म्हटलं, सभेत जो हजर त्याचं गाव, जो मेंढरांमागं गेला त्याचं कुणी नाही. मतपेटी त्याची नाही, पंचायत त्याची नाही. मग त्यानं जायचं कुठं? तुमची मर्यादा पाळायला ज्यांच्यामागं दोनशे हात आहेत त्यांचं काय जातं? आणि साठ घरं परगावी असताना घेतलेली सभा ही सभाच नव्हे, एवढं तरी म्हणू. ते तर तुमच्या खुर्चीसमोरच्या प्रश्नांत बसतं ना?

"बसतं," तुम्ही म्हणालात. "उत्तम मुद्दा आहे. पण आपल्याला तो घेता येणार नाही. समोरचा पहिल्याच मिनिटाला म्हणेल, मुदत यांनीच मागितली होती. आठ आठवडे मीच मागितले, कमल."

तेव्हा मी ओरडले. बाहेर कारकून होता, दोन पक्षकार होते. "तुम्हाला काय कळणार मेंढरांचं! तुम्ही कधी चाललायत का त्यांच्यामागं? डिसेंबरात आमची माणसं कुठं असतात हे तुम्हाला कोण सांगणार? तुमच्या मर्यादेपायी आमचं गायरान गेलं!" आणखीही बोलले. ते छापायच्या लायकीचं नाही.

मला तुम्ही रागावलात की 'कमलताई' म्हणायचात. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "खरं आहे, कमलताई. मला कळायला हवं होतं." आणि आवाजात राग मुळीच नव्हता.

मी माझी पुस्तकं पिशवीत भरून सांगलीला गेले. तिथल्या कोर्टात बसायला लागले. दुसरी याचिका दुसऱ्या वकिलांकडून केली. तुम्ही सांगितलं होतंत तसंच झालं. समोरच्यांनी आधीच्या निकालातली आठ आठवड्यांची ओळ वाचून दाखवली. न्यायाधीश भले गृहस्थ होते. म्हणाले, याचिकाकर्त्यांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, पण प्रक्रिया पूर्ण झालेली असताना निर्णयाच्या गुणदोषांत आम्ही शिरणार नाही. मी आबांना मराठीत सांगितलं. आबांनी विचारलं, "म्हंजी त्यास्नी बी पटलं आमचं?" मी म्हटलं, पटलं. "मग?" मी म्हटलं, त्यांच्या हातात नाही. आबा म्हणाले, "येवढ्या मोठ्या माणसाच्या हातात न्हाई, मग कुनाच्या हातात हाय?" तेव्हा मला तुमची ती बसस्टँडवरची म्हातारी आठवली. तिला तुमच्याकडं उत्तर नव्हतं, आबांना माझ्याकडं नव्हतं. मधल्या काळात एवढंच बदललं, की तिच्या वेळी कोर्टानं अडवलं होतं आणि आमच्या वेळी अडवलं नाही.

मधे एकदा तुम्ही सांगलीला कामासाठी आला होता. मी बार रूममध्ये होते. तुम्ही येताना दिसलात तशी मी फाइल उघडून तोंडासमोर धरली. ती उलटी होती हे तुम्हाला नक्की दिसलं असणार. तुम्ही माझ्या टेबलापाशी थांबलात. तासगावच्या कुणा पक्षकारानं दिलेले बेदाणे होते तुमच्या पिशवीत, त्यातला एक पुडा टेबलावर ठेवलात आणि निघून गेलात. मी मान वर केली नाही. बेदाणे मात्र सगळे खाल्ले. एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं, सर? तुम्ही तर ठेवून दोन पावलं रेंगाळलाही होता.

तेराव्याला ऑफिसात तुमचा फोटो ठेवला होता. कुठं, माहितीय? वेताच्या खुर्चीत. कुणालाच त्या खुर्चीचं ठाऊक नव्हतं, रिकामी दिसली म्हणून ठेवला. हार घालून तुम्हाला सरकारच्या खुर्चीत बसवलं! मला हसू आलं आणि मग जे रडू आलं ते थांबेना. काकू पाठीवर हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "तुझी फार आठवण काढायचे. त्या आठ आठवड्यांचं शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं होतं त्यांनी. म्हणायचे, माझ्याकडून त्या लोकांचं वाटोळं झालं."

म्हणजे तुम्ही काकूंनासुद्धा सांगितलं नव्हतंत.

बारच्या शोकसभेतही तेच. एका ज्येष्ठांनी भाषणात म्हटलं, "एवढा काटेकोर माणूस, पण गायरानाच्या प्रकरणात घाईनं मुदत मागून बसला. चालायचंच." लोकांनी माना हलवल्या. गावातही तुमचं नाव निघालं की लोक हेच म्हणतात: वकीलसाहेब लय भला माणूस, पर तेवढं चुकला. मी शोकसभेत दुसऱ्या रांगेत होते. उठून बोलता आलं असतं. अध्यक्षांनी दोनदा माझ्याकडं बघितलंही. मी बसून राहिले.

तर आता ऐका. तुम्हाला ठाऊकच आहे, पण माझ्या तोंडून ऐका.

कोर्टात तुम्ही 'आठ आठवडे' म्हणायच्या आधी मागं वळला होतात. मी तुमच्या मागच्या खुर्चीत फाइल घेऊन बसले होते. तुम्ही खाली वाकून मला हळूच विचारलंत, "आठ आठवडे मागू? चालेल ना तुमच्या लोकांना?" आणि मी मान हलवली. मी मनातल्या मनात मोजलंही होतं. दिवाळीची सुट्टी किती, मग नाताळची सुट्टी लागायच्या आत सगळं आटपेल. मी कोर्टाच्या सुट्ट्या मोजल्या. चार दिवसांनी माझा बाप मेंढरं घेऊन निघणार होता, त्याची बिऱ्हाडाची घोडी मी लहानपणी हाकलेली होती, आणि ते माझ्या डोक्यातच आलं नाही. "मृगानंतर सभा घ्या" एवढे तीन शब्द पुरेसे होते. न्यायाधीशांनी ते सहज लिहून दिले असते. मला त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीची जागा मिळेल का, याचीही काळजी होती. तेही सांगून टाकते.

तुम्ही म्हणायचात, कोर्टाला माती कळत नाही म्हणून त्यानं ठरवू नये, विचारावं. तुम्ही विचारलंत, सर. जिला कळायला हवं होतं तिलाच विचारलंत. आणि भांडणाच्या दिवशी, तुम्ही "मीच मागितले" म्हणालात, त्याच क्षणी मला ते वळून विचारणं लख्ख आठवलं. म्हणून मी एवढ्या मोठ्यानं ओरडले. तुम्ही एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असता. तुम्ही ते वाक्य तीन वर्षं कुणाजवळ बोलला नाहीत, आणि आता बोलणारही नाही.

एवढं होऊनही तुमचं सगळं म्हणणं मला पटलेलं नाही, हेही खरं. मी चुकले म्हणून ती सभा खरी ठरत नाही. वकिलाची चूक पक्षकाराच्या गळ्यात बांधून कोर्ट मोकळं होत असेल, तर मर्यादा जरा पुढं सरकवायला हवी होती. तुम्ही फोनवर म्हणालात ते हेच होतं का? की दुसरंच काही? मी तुमच्या टेबलावरची पुस्तकं काकूंच्या परवानगीनं चाळली. खुणेच्या चिठ्ठ्या होत्या, शेरा एकही नव्हता. हायकोर्ट आता कोल्हापुरात आलंय, गावाहून सकाळी निघून दुपारी उभं राहता येतं. पण न्यायला माझ्याकडं काही उरलेलं नाही.

गेल्या आठवड्यात गावी जाऊन आबांना सांगितलं. आम्ही गायरानाच्या तारेशी उभे होतो. आत पाट्यांच्या रांगा, माळ दिसत नाही. आबांनी मेंढरं विकली, घरापुरती पाच ठेवलीत. मी सगळं सांगितलं, वळून विचारल्याचं, मान हलवल्याचं. आबा तारेकडंच बघत होते.

"साहेबास्नी ठावं हुतं?"

"होय."

"आन् त्येंनी कुनालाच सांगितलं न्हाई?"

"नाही."

आबांनी पागोटं काढून पुन्हा डोक्यावर ठेवलं. "मग तू बी सांगू नगंस. त्या मानसानं झाकलंय, ऱ्हाऊ दे झाकल्यालं." मी म्हटलं, लोक त्यांना चुकलेला म्हणतात, आबा. आबा म्हणाले, "म्हनू द्यात. गेल्यालं मानूस. तुला हितं ऱ्हायाचं हाय." मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

आबांचं मी ऐकलेलं नाही. स्मरणिका डिसेंबरात निघेल, बारमधले लोक वाचतील, पुढच्या वेळी कुणी तुमच्या नावापुढं ती चूक लावणार नाही. गावात मात्र ही पानं मी आता वाचून दाखवणार नाही. मृग लागल्यावर जाईन, पारावर बसून सगळ्यांसमोर वाचेन. तेव्हा मेंढरांमागं गेलेली माणसं परत आलेली असतात. पूर्वी साठ घरं यायची. गेल्या पावसाळ्यात अकरा आली.